रुग्णालयातील अग्निसुरक्षा : पूर्वतयारी हीच शुश्रूषा

दि. ८ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. वास्तूची अपरिमित हानी झाली, परंतु जीवितहानी टळली. रुग्णालयात मात्र अंथरुणाला खिळलेला रुग्ण अहोरात्र असतोच. दि. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातील आगीत १० अर्भके दगावली.

१०१ क्रमांकावर वर्दी दिल्यापासून अग्निशमन दल पोहोचेपर्यंतची मिनिटे कर्मचाऱ्यांच्याच हाती असतात. ज्वाळांपूर्वी धूर प्राण घेतो. म्हणून रुग्णांना प्रथम त्याच मजल्यावरील सुरक्षित कक्षात व गरज भासल्यास जिन्याने खाली न्यावे. लिफ्ट वर्ज्य समजावी. रुग्णांना सिलिंडरची पर्यायी सोय करून त्या कक्षाचा प्राणवायू बंद करावा. इमारतीचा नकाशा, पाण्याची टाकी व बंबाचा मार्ग दलास आधीच परिचित असावा.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दर जानेवारी व जुलैमध्ये यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. प्रमाणपत्र यंत्रणेची ग्वाही देते. रात्रपाळीच्या परिचारिकेचा हात अंधारातही योग्य झडपेवर पडेल, ही ग्वाही केवळ नियमित सराव देतो.

नातेवाइकांनी जिने व दरवाजे सामानाने अडवू नयेत, ही नम्र विनंती. दानशूरांनीही ध्यानी घ्यावे, की अग्निरोधक दरवाजासाठी दिलेली देणगी हेदेखील जीवनदानच होय.