वर्षातून एकच घटका

सूर्य मावळला आहे. पण अंधार अद्याप दाटलेला नाही. आकाश हळूहळू काळवंडत आहे आणि घरोघर दिवे लागत आहेत. या वेळेला आपण दिवेलागणीची वेळ म्हणतो. इमारतींची कृष्णधवल छायाचित्रे घेणाऱ्याला ही वेळ फार मोलाची वाटते. भर दुपारी खिडक्यांतील दिवे जाणवत नाहीत. मध्यरात्री दिवे दिसतात, परंतु इमारतींचे आकार काळोखात बुडून जातात. संधिप्रकाशाच्या अल्प काळात मात्र इमारतीची कडा आणि खिडकीतील दिवा ही दोन्ही एकदमच दृष्टीस पडतात.

बेरेनिस ॲबट या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी अशाच एका सायंकाळी न्यूयॉर्क शहराचे एक चित्र घेतले. बाईंचा जन्म १८९८ साली ओहायो राज्यात झाला. शिल्पकला शिकण्यासाठी त्या १९२१ साली युरोपात गेल्या. पॅरिसमध्ये एका छायाचित्रकाराच्या हाताखाली काम करता करता त्या स्वतःच छायाचित्रकार झाल्या. १९२९ साली त्या न्यूयॉर्कला परतल्या, तेव्हा जुनी घरे पाडली जात होती आणि त्यांच्या जागी गगनचुंबी इमारती उभ्या राहत होत्या. हे पालटणारे शहर चित्रांत जतन करून ठेवावे, असे त्यांनी मनाशी ठरवले.

रात्रीच्या वेळी हे शहर उंचावरून कसे दिसत असेल? १९३१ साली एम्पायर स्टेट बिल्डिंग ही १०२ मजल्यांची इमारत बांधून पूर्ण झाली होती. तेथून सारे शहर पायांखाली दिसे. जागा मिळाली, पण वेळेचा प्रश्न कठीण होता. शहरातील बहुतेक दिवे कचेऱ्यांचे होते. पाच वाजले की लोक घरी निघत आणि खिडक्या एकामागून एक अंधारत. उन्हाळ्यात तर पाच वाजता लख्ख ऊन असे. मग अंधारही आहे आणि दिवेही आहेत, असा क्षण सापडावा कसा?

बाईंनी विचार केला. आपल्याकडे हिवाळ्यातही सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. परंतु न्यूयॉर्क विषुववृत्तापासून बरेच उत्तरेला असल्यामुळे डिसेंबरात तेथे साडेचारच्या सुमारासच सूर्यास्त होतो. म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवसांत, पाचच्या आधीची एक घटकाच काय ती त्यांच्या हाती होती!

१९३२ सालच्या डिसेंबरात त्या कॅमेरा घेऊन त्या इमारतीत गेल्या. माथ्यावर वारा फार. कॅमेरा किंचित हलला तरी चित्र पुसट होणार. म्हणून त्यांनी आतील एका खिडकीपाशी कॅमेरा उभा केला. कृष्णधवल फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. त्यावर प्रकाश पडला म्हणजे चित्र उमटते. प्रकाश मंद असेल, तर भिंग अधिक वेळ उघडे ठेवावे लागते. बाईंनी ते तब्बल १५ मिनिटे उघडे ठेवले. चित्र बिघडले असते, तर दुसरे घेण्यास त्या सायंकाळी वेळच उरला नसता. कारण तोवर दिवे मालवू लागले असते.

पुढे आणखी एक अडचण होती. दिवे अतिशय तेजस्वी आणि भिंती काळ्या. तीव्र रसायनात फिल्म धुतली असती, तर दिव्यांच्या जागी नुसते पांढरे डाग उरले असते. म्हणून बाईंनी सौम्य रसायन वापरले. उंच इमारती वाऱ्याने किंचित डोलतात. असे असूनही चित्र इतके रेखीव आले, याचे बाईंना स्वतःलाच नवल वाटले.

त्या चित्रात आकाश नाही. आहेत ते उंच मनोरे, हजारो उजळलेल्या खिडक्या आणि मधून प्रवाहासारखे वाहणारे रस्ते. त्यात माणूस एकही दिसत नाही. परंतु प्रत्येक उजळलेल्या खिडकीआड कोणीतरी अजून काम करीत आहे, हे आपल्याला कळते. अर्ध्या तासाने हेच चित्र घेतले असते, तर ती माणसे त्यातून निघून गेली असती. रंग नसूनही हे चित्र उणे वाटत नाही. उलट, उजेड आणि काळोख यांच्याखेरीज दुसरे काहीच नसल्यामुळे दृष्टी नेमकी त्या खिडक्यांवरच खिळते.

ॲबट बाई १९९१ साली निवर्तल्या. त्यांचे हे चित्र आजही लोक कौतुकाने पाहतात. चित्र उमटले ते पंधरा मिनिटांत. पण त्या पंधरा मिनिटांमागे सूर्याची गती, कचेऱ्यांच्या वेळा, वारा आणि रसायने या सर्वांचा आधी केलेला विचार होता. संधी थोडा वेळच थांबते. तयारी करून वाट पाहणाऱ्यालाच ती सापडते.

स्वाध्याय

१. इमारतींच्या छायाचित्रासाठी दिवेलागणीची वेळ मोलाची का असते?
२. बाईंनी डिसेंबर महिनाच का निवडला?
३. माथ्यावर न जाता त्यांनी खिडकीपाशी कॅमेरा का ठेवला?
४. दिवेलागणीच्या वेळी तुमच्या गावातील एखाद्या इमारतीचे निरीक्षण करा व दहा ओळींत वर्णन लिहा.