गाईगुरांचें मूळ व वर्गीकरण

प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा चालू असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "गुरुजी, आपल्या गाईला वशिंड असतें, विलायती गाईला नसतें. मग तिचें गेलें, कीं आपल्या गाईला मागाहून आलें?" प्रश्न साधा दिसला, तरी त्याच्या पोटांत गोवंशाचा सारा इतिहास आहे. म्हणून त्याचें उत्तर येथें कांहींसें विस्तारानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कुळ पाहूं. गाय, म्हैस, शेळी, मेंढी व काळवीट हीं सारीं एकाच कुळांतलीं. ह्यांचे खूर दुभंगलेले, शिंगें पोकळ व न गळणारीं, पोटाचे कप्पे चार. आणि हीं सर्व रवंथ करितात. ह्या कुळांत 'बॉस' नांवाची एक प्रजाति आहे. तींत गाय-बैल, हिमालयाकडील याक, सह्याद्रीच्या रानांतील गवा व ईशान्येकडील मिथुन हीं येतात. म्हैस मात्र तींत येत नाहीं; तिची प्रजाति निराळी. म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या एका गोठ्यांत राहूनहि गाय व म्हैस ह्यांचा संकर होत नाहीं.

स्वीडनचा पंडित लिनीअस ह्यानें १७५८ सालीं बिनवशिंडाच्या गाईस 'बॉस टॉरस' व वशिंडाच्या गाईस 'बॉस इंडिकस' अशीं दोन नांवें दिलीं. ह्या दोहोंचा संकर होतो व त्या संकरापासूनहि पुढें प्रजा होते. सबब पुष्कळ शास्त्रज्ञ त्यांस एकाच जातीच्या दोन शाखा मानितात.

ह्या शाखांचा मूळ पुरुष म्हणजे ऑरॉक्स नांवाचा धिप्पाड रानबैल. युरोपापासून भारतापर्यंत त्याचे कळप हिंडत असत. युफ्रेटिस व तैग्रिस नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत सुमारें १०,५०० वर्षांपूर्वीं माणसानें त्यास प्रथम माणसाळविलें. त्यांपासून बिनवशिंडाचीं गुरें झालीं. पुढें सुमारें ८,००० वर्षांपूर्वीं सिंधूच्या पश्चिमेस तेंच कार्य स्वतंत्रपणें घडलें. बलुचिस्तानांतील मेहरगढ येथें १९७४ सालापासून फ्रेंच संशोधकांनीं उत्खनन केलें. तेथें खालच्या थरांकडून वरच्या थरांकडे यावें, तों गुरांचीं हाडें संख्येनें वाढत व आकारानें लहान होत गेलेलीं दिसतात. रानटी जनावर दावणीस आल्याची ही खूण होय. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानें असेंहि दाखविलें कीं, ह्या दोन शाखा लाखों वर्षांपूर्वींच, म्हणजे गाय दाव्यास बांधली जाण्याच्या कितीतरी आधीं, वेगळ्या झाल्या होत्या.

तेव्हां त्या विद्यार्थ्यास उत्तर असें कीं, दोघींपैकीं कोणी कोणाची लेक नव्हे. त्या दूरच्या बहिणी आहेत. 'गावठी' म्हणजे विलायतीची बिघडलेली नक्कल, असा पुष्कळांचा समज असतो. आम्हीहि पूर्वीं वर्गांत तसें बोलून गेलों आहों. ती आमची चूक होती. विलायती गाय दूध अधिक देते हें खरें; परंतु उन्हाचा ताप व गोचिडांचा उपद्रव सोसण्यांत आपली गाय सरस आहे. ह्याच गुणांमुळें आंध्रांतील ओंगोल गुरें ब्राझीलमध्यें नेण्यांत आलीं व तेथें 'नेलोर' ह्या नांवानें त्यांची भरभराट झाली. आपल्याकडे सोलापूर-साताऱ्याच्या कोरड्या माळावर खिलार बैल, घाटमाथ्याच्या धो धो पावसांत डांगी, आणि दूध व ओढकाम ह्या दोहोंसाठीं देवणी, अशी ज्या त्या मुलुखानें आपापली जात घडविली आहे.

ऑरॉक्सची शेवटची गाय १६२७ सालीं पोलंडांतील याक्तोरूव्हच्या अरण्यांत मेली. आतां त्याचें रक्त उरलें आहे तें आपल्या गोठ्यांतच. ट्रॅक्टर आल्यामुळें बैल उणे होत आहेत व संकरामुळें जुन्या जाती विरळ होत आहेत. एखादी जात एकदां नाहींशी झाली, कीं ती पुन्हां घडविण्यास मूळचा रानबैल कोठून आणावा? विद्यार्थ्यांनो, सुटींत गांवीं जाल तेव्हां आपल्या गोठ्यांतील जनावरांची जात कोणती, हें वडील माणसांस विचारून वहींत टिपून आणा. पुढचा धडा आपण त्या वहींतूनच शिकूं.