अक्षरचिन्हांतील परिवहन नकाशा

नागरी परिवहनाचे मूल्यमापन करताना मार्गिकांची लांबी व भांडवली खर्च यांचा विचार होतो. प्रवाशापर्यंत माहिती पोहोचविण्याचा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. गाडी कोठे बदलावी हे न समजणाऱ्या प्रवाशाला आधुनिक मेट्रोचा पूर्ण लाभ मिळत नाही. ही माहिती अत्यल्प खर्चात देण्याचे एक साधन म्हणजे केवळ अक्षरे व विरामचिन्हे यांनी रेखाटलेला नकाशा होय.

या नकाशामागील तत्त्व लंडनमध्ये रूढ झाले. हॅरी बेक या आरेखकाने 1931 मध्ये तेथील भुयारी रेल्वेचा आराखडा तयार केला व तो 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष अंतरे व वळणे गाळून त्याने आडव्या, उभ्या आणि 45 अंशांतील तिरप्या रेषा वापरल्या. प्रवाशाला प्रामुख्याने दोन गोष्टी हव्या असतात : स्थानकांचा क्रम आणि बदलाची ठिकाणे. या दोन्ही साध्या चिन्हांतूनही व्यक्त होतात.

डिसेंबर 2002 मध्ये सुरू झालेल्या दिल्ली मेट्रोच्या पहिल्या टप्प्यातील सहा स्थानके आज अशी दाखविता येतील :

\* शाहदरा
|
\+ वेलकम (गुलाबी)
|
\* सीलमपूर
|
\* शास्त्री पार्क
|
\+ काश्मिरी गेट (पिवळी, जांभळी)
|
\* तीस हजारी

येथे तारका म्हणजे स्थानक, अधिक चिन्ह म्हणजे मेट्रोची मार्गिका बदलण्याचे स्थानक आणि उभी रेघ म्हणजे मार्ग. रंग वापरता येत नसल्याने जोडमार्गिकेचे नाव कंसात लिहावे लागते. रंगभेद ओळखू न शकणाऱ्यांनाही ते उपयुक्त ठरते.

मांडणी उभी ठेवण्यास कारण आहे. इंग्रजीत समान रुंदीच्या अक्षरांचा टंक वापरून आडवे नकाशेही जुळविता येतात. देवनागरीत मात्र संकेतांची संख्या व शब्दाची रुंदी यांचा मेळ बसत नाही. ‘शास्त्री’मधील ‘स्त्री’ हे एक जोडाक्षर युनिकोडमध्ये सहा संकेतांचे असते. परिणामी आडव्या मांडणीत रेघा व नावे एकमेकांपासून सरकतात. उभ्या मांडणीत चिन्हे डावीकडे व नावे उजवीकडे राहत असल्याने हा दोष उद्भवत नाही.

खर्चाच्या दृष्टीनेही ही पद्धत लक्षणीय आहे. भ्रमणध्वनीवरील एका लघुसंदेशात इंग्रजीची 160 अक्षरे मावतात, तर देवनागरीचे 70 संकेत. तरीही वरील नकाशा दोन जोडसंदेशांत सामावतो. त्यामुळे इंटरनेट नसलेल्या, पण देवनागरी दाखवू शकणाऱ्या साध्या भ्रमणध्वनीवरही तो पोहोचू शकतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. अनेक मार्गिका एकमेकींना छेदू लागल्या की रेखाटन गुंतागुंतीचे होते. तेव्हा प्रत्येक मार्गिकेचा स्वतंत्र नकाशा देणे श्रेयस्कर. दृष्टिहीनांसाठीची वाचक प्रणाली तारका व रेघा एकेक करून उच्चारते किंवा वगळते. म्हणून सोबत स्थानकांची क्रमवार यादी आवश्यक ठरते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्येही माहितीच्या सुगम्यतेची तरतूद आहे.

सार्वजनिक सेवेची माहिती हा त्या सेवेचाच भाग होय. ती सर्वांत साध्या उपकरणावर आणि प्रवाशाच्या भाषेत उपलब्ध होणे ही सर्वसमावेशक परिवहनाची एक कसोटी मानावी लागेल.