विमानाचे अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात शिर्डीजवळ काकडी येथे १ ऑक्टोबर २०१७ रोजी विमानतळ सुरू झाला. तेव्हापासून माल खरेदीसाठी विमानाने जावे काय, असा प्रश्न आपले अनेक व्यापारी बंधू विचारतात. उत्तर भावनेने नव्हे, हिशेबाने काढावे. हैदराबादचे उदाहरण घेऊ.

अंतर कसे काढावे? नकाशात शिर्डी विमानतळ सुमारे १९.६९ अक्षांश व ७४.३८ रेखांशावर आहे, तर हैदराबादचा शमशाबाद विमानतळ १७.२४ व ७८.४३ वर. फरक अनुक्रमे २.४५ व ४.०५ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ कि.मी.; रेखांशाचा एक अंश आपल्या भागात सुमारे १०६ कि.मी. म्हणजे दक्षिणेकडे २७२ आणि पूर्वेकडे ४२९ कि.मी. या दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की सरळ हवाई अंतर सुमारे ५०८ कि.मी. येते.

आता वेळ. पंख्याचे छोटे विमान ताशी सुमारे ५०० कि.मी. वेगाने उडते, जेट सुमारे ८००. भागाकाराने अनुक्रमे एक तास व ३८ मिनिटे येतात. पण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, उतरणे यांसाठी अर्धा तास धरावा. म्हणून छोट्या विमानाला दीड तास, जेटला सव्वा तासाच्या आत.

हा झाला विमानाचा वेळ; व्यापाऱ्याचा वेळ वेगळा. नगर शहरातून विमानतळ गाठायला दोन तास, तेथे दीड तास आधी हजेरी, उड्डाण दीड तास, सामान मिळायला अर्धा तास, शमशाबादहून बेगम बाजार गाठायला एक तास. एकूण साडेसहा तास. मोटारीने हाच प्रवास दहा-अकरा तासांचा. म्हणजे एका बाजूला सुमारे चार तास वाचतात. त्या चार तासांत आपली किती कमाई होते, ते तिकिटाच्या जादा खर्चाशी ताडून पाहावे. कोपरगाव, राहात्याच्या व्यापाऱ्याचा फायदा याहून जास्त. मुंबई मात्र हवाई मार्गाने जेमतेम १७२ कि.मी.; तेथे विमानाने फारसा वेळ वाचत नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो सामान चालते, त्यावर जादा आकार पडतो; म्हणून येताना मालाचे वजन आधीच धरावे, जड माल ट्रान्सपोर्टने पाठवावा. कारागिरांनी पटाशी, आरी, पेचकस हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या सामानात द्यावेत.

परदेशी वेळापत्रक वाचताना आणखी एक खबरदारी. त्यात वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मुंबईहून सकाळी १० ला सुटलेले विमान दुबईत ११.४५ ला पोहोचते असे छापले असेल, तर प्रवास पावणेदोन तासांचा नसून सव्वातीन तासांचा आहे. परतीला उलट दीड तास वजा करावा. तेथील व्यापाऱ्याला भेटीची वेळ देताना हा फरक आधी कागदावर मांडावा.