डाख देताना फ्लक्स: काय करावे, काय टाळावे

कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागर भुरभुरवायचा, पांढरा धूर उठायचा आणि मग कथील सरसर पसरायचे. वायरीला सोल्डर लावताना फ्लक्स तेच करतो: तांब्यावरचा ऑक्साइडचा थर काढतो, तापताना नवा धरू देत नाही. नवसागर मात्र इथे चालत नाही. का, ते पुढे येईल.

काय करावे

• दुकानात ‘रोझिन फ्लक्स’ असे नाव घेऊन मागावे. रोझिन म्हणजे चीडाच्या झाडाची राळ. नुसते ‘पेस्ट द्या’ म्हटले की हाताला लागेल ती डबी पुढे येते.

• सोल्डर वायरच्या पोटात बहुधा फ्लक्स असतोच. नव्या, चकचकीत तारेला तेवढा पुरतो. डबी उघडायची ती जुन्या, काळवंडलेल्या तारेसाठी, आणि फ्लक्सही काडीच्या टोकावर मावेल इतकाच घ्यायचा.

• तार आधी ब्लेडने खरवडावी. तेलकटपणा आणि मोटरच्या तारेवरचे इनॅमल फ्लक्सच्या आवाक्याबाहेरचे.

• सांधा झाकायची स्लीव्ह सोल्डरच्या आधी चढवावी. (मी निम्म्या वेळा विसरतो आणि सांधा पुन्हा सोडवतो.)

• सोल्डरिंग आयर्नची बिट तारेला टेकवून तार तापवावी, सोल्डर वायर दुसऱ्या बाजूने तारेलाच लावावी. 60/40 सोल्डर सुमारे 190 अंश सेल्सिअसला पूर्ण वितळते. बिट त्याहून कितीतरी गरम असते. बिटवर सोल्डरचा थेंब घेऊन सांध्यापर्यंत न्यायचा, तर फ्लक्स वाटेतच जळून जातो. मग सोल्डर पसरत नाही, अळवाच्या पानावरच्या थेंबासारखे गोळा होऊन बसते.

• खिडकी उघडी ठेवावी. रोझिनच्या धुराने दमा बळावतो.

काय टाळावे

• पत्र्याच्या किंवा नळाच्या कामाची पेस्ट. तिच्यात झिंक क्लोराइड, नवसागर असे क्षार असतात. डाख झकास बसतो, पण उरलेला क्षार हवेतला ओलावा ओढून तांबे खात राहतो. मी एकदा दारावरच्या बेलची वायर अशीच जोडली होती. पावसाळा सरला, बेल मुकी झाली. टेप सोलला तर आत हिरवी भुकटी, आणि तार बोट लावताच तुटली.

• तापलेली बिट पेस्टच्या डबीत बुचकळणे. चर्र आवाज छान येतो. धूर होतो आणि बिट झिजते.

• स्विच किंवा व्हॉल्यूमच्या बटणाजवळ फ्लक्सचा सढळ हात. तो आत झिरपतो आणि बटण खरखरू लागते.

• सांध्यावर फुंकर. गोठता गोठता हलला, की सांधा कच्चा.

• प्लगच्या स्क्रूखाली जाणाऱ्या तारांना सोल्डर लावणे. हे ‘पक्के काम’ वाटते, पण सोल्डर मऊ असते. स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू दबते, पकड ढिली पडते आणि इस्त्री-गिझरसारख्या भारी लोडला तो प्लग तापू लागतो. तिथे तारा नुसत्या पिळून, घट्ट आवळाव्यात.

• चालू लाइनवर काम. मेन बंद, प्लग बाहेर. याला अपवाद नाही.

• दोन हात अपुरे पडतात म्हणून सोल्डर वायर दातात धरणे. 60/40 मधले 40 म्हणजे शिसे. हात साबणाने धुवावेत, मगच चहाचा कप उचलावा.