न्हाणीघराचा तक्ता कडेने पारखा



एरवी या पानावर आम्ही बेणे, खत, पाणी यांविषयी लिहितो. या वेळी विषय भिंतीचा आहे. गाडीतळावर तोडणी मजूर व गाडीवान यांच्यासाठी न्हाणीघरे-संडास बांधायचे ठरत असताना काही सभासदांनी विचारले, "बगॅसचे तक्ते बनतात ना? मग तेच भिंतीला लावा. आपल्याच उसाचा माल!" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्हाला लालबागला मिळाले.

आपल्या भागातील पुष्कळ घरांचा एक पाय पूर्वी लालबाग-परळच्या गिरण्यांत असे. १९८२ च्या संपानंतर कित्येकजण गावी परतले, काहींनी तिथेच छोटा धंदा धरला. अशाच एका नातलगांचे उपाहारगृह आम्ही पाहिले. न्हाणीघराला त्यांनी भुशाचे गुळगुळीत पांढरे तक्ते लावले होते. तिसऱ्या पावसाळ्यात खालची कड टच्च फुगली, पापुद्रे सुटले, कुबट वास येऊ लागला. कामावरच्या बायका तिथं जायचं टाळू लागल्या. कर्ज काढून केलेले काम उखडावे लागले. जवळच्या जुन्या चाळीत मात्र सज्जाच्या टोकाला सामाईक संडास, भिंतीला शहाबादी फरशी. सबंध मजल्याचा रोजचा वापर, तरी फरशी शाबूत; काळे पडले होते ते फक्त सांधे.

असे का झाले? आपण उसाची टिपरी लावण्यापूर्वी बुरशीनाशकात बुडवतो, कारण जमिनीतील बुरशी कापलेल्या टोकातून आत शिरते. तक्त्याचेही तसेच आहे. वरचा पत्रा चकचकीत असतो. पाणी शिरते ते कापलेल्या कडेतून, स्क्रूच्या भोकातून आणि जमिनीला टेकलेल्या टोकातून. म्हणून तक्ता तोंडाने नव्हे, कडेने पारखावा.

१) बगॅसचा व भुशाचा तक्ता : यात बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो. यातला युरिया आपल्या ओळखीचाच! हा डिंक ओलीत टिकत नाही. कार्यालयातील कपाटांना हा तक्ता उत्तम, न्हाणीघराला नको.

२) प्लायवूड : घ्यायचेच तर आय. एस. ७१० शिक्क्याचे मरीन घ्यावे. प्रत्येक कापलेली कड रंगाने वा लुकणाने बंद करावी.

३) पी. व्ही. सी. : कुजत नाही, स्वस्त पडते. पण पोकळ असल्याने लाथ वा बादली लागली की फुटते आणि जळाल्यास विषारी धूर होतो.

४) कॉम्पॅक्ट लॅमिनेट : कागदाचे अनेक थर फिनॉलच्या डिंकात भिजवून, उष्णता व दाब देऊन बनवतात. आरपार एकजीव असल्याने कापलेली कडही पाण्याला दाद देत नाही. आडोशाला १२ मि. मी. जाडीचा तक्ता पायांवर, जमिनीपासून वीतभर वर बसवावा. किंमत मात्र जास्त.

५) स्टेनलेस स्टील : भक्कम. मुंबईसारख्या खाऱ्या हवेत ३१६ प्रतीचे बरे, आपल्याकडे ३०४ चालते. अॅसिडने धुतल्यास बारीक खड्डे पडतात.

६) ग्लेझ्ड फरशी : विटांच्या भिंतीला सर्वांत भरवशाची. सांध्यांत पांढरे सिमेंट न भरता इपॉक्सी भरावे, म्हणजे घाण मुरत नाही.

शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचाच दगड. तिच्यावर अॅसिड ओतले की ती खात जाते. तिला साबण, पाणी आणि खराटा पुरे.

दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नये. नमुन्याचा हातभर तुकडा कापून घ्यावा, जाडी मोजावी आणि एक रात्र-दिवस पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावा. मग पुन्हा जाडी मोजावी, कड नखाने दाबून पाहावी. फुगला वा नख रुतले, तर तो परत करावा. बेण्याचा डोळा पाहून घेणाऱ्यांना हे अवघड नाही.

गाडीतळासाठी आमची शिफारस अशी : विटांच्या भिंतीला पुरुषभर उंच ग्लेझ्ड फरशी, मधल्या आडोशाला कॉम्पॅक्ट लॅमिनेट. आज खर्च थोडा वाढेल. पण पहाटे मोळ्या बांधायला निघणाऱ्या बायांना ऐन गळितात बंद दार दिसले, तर त्यांनी जायचे कुठे? सभासदांनी नमुने गट कार्यालयात येऊन पाहावेत. बादली आम्ही भरून ठेवली आहे.

— ऊस विकास अधिकारी