पिसांवरून ओळखावा विणीचा काळ

चेन्नईच्या नैर्ऋत्येस सुमारे ८० किलोमीटरांवर वेडंतांगल नावाचे एक लहानसे गाव आहे. या तमिळ नावाचा अर्थ ‘व्याधाची वस्ती’ असा सांगितला जातो. गावालगतच्या जुन्या तलावाचे क्षेत्र जेमतेम ३० हेक्टर भरते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसाने तलाव भरला, की त्यातील निवर आणि बाभळीची झाडे पाण्यात उभी राहतात. मांजर, मुंगूस आदी शत्रूंना तेथे सहजी पोचता येत नाही. म्हणूनच लहानमोठे बगळे, रातबगळे, मुग्धबलाक, चमचे, कुदळ्या आणि त्यांच्या जोडीने पाणकावळे येथे हजारोंच्या संख्येने घरटी बांधतात. अशा सामायिक वीणवसाहतीला मराठीत ‘सारंगागार’ असेही म्हटले जाते.

गावाने या पक्ष्यांना फार पूर्वीपासून अभय दिले आहे. पक्ष्यांची विष्ठा मिसळून तलावाचे पाणी कसदार होते व ते शेतीला मिळते, हे ग्रामस्थ अनुभवाने जाणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज शिपाई येथे पक्ष्यांची शिकार करू लागले, तेव्हा ग्रामस्थांनी कलेक्टर लायोनेल प्लेस याच्याकडे दाद मागून संरक्षणाचा कौल मिळविला. तो पुढे गहाळ झाला आणि १८५८ मध्ये नव्याने देण्यात आला. २०२२ मध्ये या तलावाची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत, म्हणजे रामसर स्थळांत, झाली.

तलावाच्या बांधावर उभ्या राहणाऱ्या निरीक्षकाला दुर्बिणीतून प्रथम जाणवतो तो गोंधळ. एकाच झाडावर पांढरे, करडे, तपकिरी असे अनेक पक्षी दिसतात आणि पुस्तकातील चित्राशी त्यांतील निम्मे जुळत नाहीत. याचे कारण असे, की पक्ष्याचा वेश वयानुसार आणि ऋतूनुसार पालटतो. हा पालट नीट समजून घेतला, तर विणीचे काम कोणत्या टप्प्यावर आले आहे, हे घरट्याजवळ न जाताही सांगता येते.

दोन प्रकारचे पालट

पीस पूर्ण वाढले, की ते आपल्या केसांप्रमाणे किंवा नखांप्रमाणे निर्जीव होते. त्यानंतर ते झिजेल किंवा विटेल. परंतु त्यात नवा रंग भरला जात नाही. नवा वेश हवा असेल, तर जुने पीस गळून नवे यावे लागते. म्हणून विणीचा वेश वीण सुरू होण्यापूर्वी काही आठवडे तयार होऊ लागतो.

चोच, पाय आणि डोळ्यांपुढील उघडी कातडी यांची गोष्ट वेगळी. ती जिवंत असल्यामुळे तिचा रंग थोड्या दिवसांत, प्रसंगी काही तासांतही, गडद होतो. जोडी जमण्याच्या सुमारास हा रंग ऐन भरात असतो आणि अंडी घातल्यानंतर तो लवकरच फिका पडू लागतो. पिसे मात्र पुढेही टिकतात. यावरून निरीक्षकाने एक साधा नियम लक्षात ठेवावा : पिसे हंगाम सांगतात, तर कातडीचा रंग आठवडा सांगतो.

काही उदाहरणे

लहान बगळ्याची चोच आणि पाय वर्षभर काळे, तर बोटे पिवळी असतात. विणीच्या काळात त्याच्या मानेमागे दोन लांब, अरुंद पिसे लोंबू लागतात. छातीवर व पाठीवर जाळीदार तुरे येतात. जोडी जुळताना डोळ्यांपुढील कातडी तांबूस होते. मोठ्या बगळ्याला मानेमागील तुरे येत नाहीत. त्याच्या पाठीवरील तुरे मात्र शेपटीच्याही पलीकडे पोचतात, आणि एरवी पिवळी असणारी चोच काळी होते. केवळ चोचीच्या रंगावरून बगळा ओळखणारा येथे हमखास फसतो. मानेतील ठळक बाक आणि डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली जबड्याची रेषा या मोठ्या बगळ्याच्या खुणा मात्र ऋतूनुसार बदलत नाहीत.

ढोकरीचा पालट सर्वांत नाट्यमय म्हणावा लागेल. चिखलाच्या रंगाचा हा पक्षी एरवी डबक्याकाठी बसला असता नजरेस पडत नाही. वीण जवळ आली, की त्याची पाठ गर्द तांबूस-किरमिजी होते, डोके व मान पिवळसर होतात आणि डोक्यामागे लांब पांढरे तुरे येतात. गायबगळ्याचे डोके, मान व पाठ सोनेरी नारिंगी होतात. मुग्धबलाक एरवी धुरकट करडा दिसतो. विणीच्या आरंभी तो शुभ्र होतो, आणि घरट्याचे काम पुढे सरकते तशी करडी छटा परत येऊ लागते. म्हणून एकाच झाडावर पांढरे आणि करडे मुग्धबलाक दिसले, तर त्या दोन जाती नव्हेत.

वयाचाही विचार करावा लागतो. रातबगळ्याचे पिल्लू तपकिरी असून त्याच्या अंगावर फिकट ठिपके असतात. पाठ काळी आणि डोळे लाल असलेल्या प्रौढाचे ते अपत्य आहे, हे नवख्याला पटत नाही. प्रौढाचा पूर्ण वेश येण्यास त्याला दोन-तीन वर्षे लागतात. नर-मादीतील फरक मात्र बगळ्यांच्या पिसांवरून कळत नाही, कारण दोघांनाही सारखेच तुरे येतात. तेथे वर्तनच पाहावे लागते : बहुधा नर काटक्या आणतो आणि मादी त्या रचते. एक पक्षी घरट्यावर परतला, की दोघेही तुरे फुलवून एकमेकांचे स्वागत करतात आणि मगच अंड्यांवरील पाळी बदलते.

तुऱ्यांची किंमत

याच तुऱ्यांनी बगळ्यांवर मोठे संकट आणले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांसाठी त्यांना इतकी मागणी आली, की वजनाला ते सोन्याहूनही महाग विकले गेले. हे तुरे विणीच्या काळातच येत असल्यामुळे पारधी घरट्यांपाशीच पोचत. मारलेल्या प्रत्येक जोडीमागे घरट्यातील पिल्ले उपाशी मरत, म्हणजे एका हंगामात दोन पिढ्या नष्ट होत. हिंदुस्थान सरकारने १९०२ मध्ये वन्य पक्ष्यांची कातडी व पिसे यांच्या निर्यातीवर बंदी घातली. ब्रिटनमध्ये आयातबंदीचा कायदा १९२१ मध्ये झाला. तोवर अनेक देशांतील वसाहती उजाड झाल्या होत्या.

निरीक्षकाची शिस्त

आज बंदूक नसली, तरी उतावळा प्रेक्षक जवळपास तेवढीच हानी करू शकतो. माणूस जवळ आला, की मोठे पक्षी उडतात. उघडी पडलेली अंडी कावळे पळवितात आणि कोवळी पिल्ले उन्हाने दगावतात. थोडी मोठी पिल्ले भेदरून फांद्यांवर सरकतात व पाण्यात पडतात. म्हणून निरीक्षण बांधावरूनच करावे. एक झाड निवडून आठवड्यातून एकदा, शक्यतो एकाच वेळी, त्याची नोंद घ्यावी. चोच, पाय, डोळ्यांपुढील कातडी, मानेमागील, छातीवरील व पाठीवरील तुरे यांसाठी वहीत वेगवेगळे रकाने आखावेत. ‘पांढरा बगळा’ एवढीच नोंद निरुपयोगी होय.

अशी वही हंगामभर चालविली, तर जोड्या केव्हा जमल्या, अंडी साधारण केव्हा पडली आणि पिल्ले केव्हा उडाली, याचा अंदाज एकही घरटे न हलविता बांधता येतो. एके काळी बगळ्याचा तुरा दिसला, की पारधी घरट्याकडे वळत असे. तोच तुरा आज निरीक्षकाला सांगतो, की आता जागच्या जागी थांबावे.